मोबाइल मागावर नको, गल्ल्यावर हवा

विट्याच्या बाजारात चार कापडवाले एकत्र बसले की दोन तक्रारी हमखास निघतात. पहिली, मालाला उठाव नाही. दुसरी, पोरांचे लक्ष कामात नाही, सारा वेळ मोबाइल. आमचे म्हणणे असे की या दोन तक्रारी एकत्र ठेवून पाहिल्या, तर एकीतून दुसरीचा इलाज निघू शकतो.

आधी मुलाचे म्हणणे ऐकू या. आम्हाला कापड देणाऱ्या एका कारखान्यात वीस-एकवीस वर्षांचा मुलगा रात्रपाळीला माग चालवतो. तो म्हणाला, "चाचा, मागाच्या खडखडाटात शेजाऱ्याशीही बोलता येत नाही. बारा तास हात चालतो, नजर धाग्यावर असते, डोके मात्र रिकामे. सकाळी घरी आलो की आधी फोन उघडतो. तिथे कुणीतरी आपल्याशी बोलत असते." पुढे तो जे बोलला ते व्यापाऱ्यांनी मनावर घेण्यासारखे आहे. "मी विणलेले कापड कुठे जाते, कोण अंगावर घालते, हे मला आजवर कुणी सांगितले नाही."

त्याचे खोटे नाही. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला मजुरीवर विणून देतो, कामगाराचा हिशेब ५२ पिकांच्या कापडावर मीटरमागे पैशांत ठरतो. ग्रे कापडाचे तागे गाडीत चढतात आणि बालोतरा, पाली, अहमदाबादकडे प्रोसेसला जातात. तिथून रंगून, छापून, दुसऱ्याच्या शिक्क्याने ते बाजारात येते. ज्या कामात आपले नाव कुठेच दिसत नाही, त्यात तरुण मन कसे रमेल? फोनवर त्याने अर्ध्या मिनिटाची फिल्म टाकली तर निदान खाली त्याचे नाव तरी असते.

करमणुकीचा हा शौक नवीन नाही. मागाच्या दुसऱ्या गावाकडे, मालेगावकडे पाहा. तिथे माग शुक्रवारी बंद असतात आणि तो दिवस सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातल्याच मुलांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला, त्यातला सुपरमॅन शफीक शेख हा मागावरचा कामगार होता. त्याला आकाशात उडवण्यासाठी मागे हिरव्या कापडाचा पडदा लावला होता. या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि तो देशोदेशी दाखवला गेला. शफीक २०११ साली वारला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला, तेव्हा तो हयात नव्हता.

या हकिकतीतून आम्ही व्यापारी म्हणून एक गोष्ट घेतो. या मुलांकडे भांडवल नव्हते, पण आपल्या गिऱ्हाइकाला काय आवडते हे त्यांना नेमके ठाऊक होते. सिनेमा त्यांनी गावाच्या बोलीत, गावाच्या ऐपतीत बसवला. बाजाराची ही जाण पुस्तकातून येत नाही. मागावरच्या मुलांत ती असते. तिचा उपयोग धंद्याने करून घेतला नाही, इतकेच.

पूर्वीच्या लोकांनी तो करून घेतला होता. अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली. लोक गाणी ऐकत आणि त्यांच्या पाठोपाठ टूथपेस्टचे नाव घरोघरी जाई. टूथपेस्ट कंपनीला त्या आवाजाची किंमत कळली होती. आज तसा आवाज, तशी नजर आपल्या गल्लीतल्या पोरांकडे आहे. ती इतरांचा माल खपवण्यात खर्च होते आणि आपले तागे गोदामात पडून राहतात.

मग करावे काय? आम्हाला सुचते ते असे.

पहिले, मागावर मोबाइल नको. यात सवलत नाही. मुरलेला कारागीर कानानेही माग चालवतो. आवाज बदलला की धागा तुटला, धोटा अडखळला, हे त्याला पाहण्याआधी कळते. कानात गाण्याची बोंडे घातलेल्याला ते कळत नाही. कापडात डाग राहतो, मजुरी कापली जाते, आणि धोटा उडाला तर डोळ्यावर बेतते.

दुसरे, पाळी नसेल तेव्हा ज्याला आवड आहे त्याला दुकानात बसवा. त्याच्या हाती पीक मोजायचे भिंग द्या. सुताचा नंबर, पन्हा, वजन, धुतल्यावर कापड किती आटते, हे शिकवा. मग त्याच फोनने त्याला कापड दाखवू द्या. या कामाचे पैसे द्या. फुकट राबवून घ्याल तर तो पुन्हा दुसऱ्याकडेच जाईल. घरी कांड्या भरणाऱ्या मुलीही हे काम उत्तम करतील, त्यांना विचारा.

तिसरे, दाखवाल ते खरे दाखवा. पडद्यावरचा रंग आणि हातातला रंग यात फरक पडतो, म्हणून चार बोटांचा नमुना टपालाने आधी पाठवावा. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसे दुष्काळामुळे बाहेर पडली, सोने-चांदी गाळण्याचा हुनर शिकली आणि देशभरच्या सराफ बाजारांत त्यांनी दुकाने थाटली. परक्या मुलखात लोकांनी त्यांच्या हाती सोने का दिले? वजन चोख परत मिळे म्हणून. आपल्या भागाची ही कमाई आहे. फोनवर कापड विकतानाही तीच उपयोगी पडेल.

चौथे, गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता आपल्या वहीत लिहून ठेवा. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्यांनी तिथे लाखो प्रेक्षक जमवले होते त्यांचे अंगण एका रात्रीत गेले. परक्याच्या ओट्यावर माल मांडावा, पण खातेवही घरात असावी.

काही मंडळी म्हणतील, पाच शर्टांच्या ऑर्डरवर चोवीस माग चालत नाहीत. बरोबर आहे. चालणार नाहीत. ग्रेचा मोठा व्यापार आज आहे तसाच राहील. पण पाच शर्टांचे पैसे यूपीआयवर त्याच दिवशी येतात, इथे ठोक मालाच्या उधारीसाठी महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय गिऱ्हाईक कोणता रंग मागते, कोणता नाकारते, ही खबर दलालाच्या तोंडून येण्याची वाट पाहावी लागत नाही. खबर म्हणजे अर्धे भांडवल.

आणि वेळ फार नाही. एअरजेट माग मिनिटाला सहाशेच्या वर पिके मारतो, आपला साधा माग दीडशेच्या आसपास. नव्या यंत्रांसाठी १९९९ साली सुरू झालेली केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना २०२२ मध्ये संपली. वेगाच्या शर्यतीत साधा माग जिंकणार नाही. तो टिकलाच तर कमी मीटरच्या, वेगळ्या वाणाच्या, नावानिशी विकल्या जाणाऱ्या कापडावर टिकेल. असे कापड कुणाला हवे आहे हे शोधून काढण्याचे काम आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांना जमणारे नाही.

ई-वे बिल काढायला आणि पेमेंट आले का ते पाहायला आपण आज त्याच पोराला हाक मारतो. मग माल दाखवायला आणि विकायलाही त्यालाच बसवावे. कारखान्याचे शेड भंगाराच्या भावाने गेल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही. या हंगामात एक वाण निवडा, दहा तागे बाजूला काढा, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा आणि ते त्याच्या हवाली करा.