हजेरीपटावरून गळालेल्यांचीही मोजणी हवी

केंद्रीय श्रम संस्था, शीव, मुंबई येथील अधिकारी व संशोधक यांस,



कामगारांच्या आरोग्याचा कोणताही अभ्यास हाती आला की टक्केवारीच्या आधी विचारावे: मोजले कोणाला आणि निसटले कोण? दगडखाणीत किंवा फाउंड्रीत आज कामावर असलेल्यांची छाती तपासली, बहुतेक जण धडधाकट निघाले, म्हणून धूळ बाधत नाही असे ठरवणे सोपे आहे. पण ज्याला दम लागू लागला, तो केव्हाच काम सोडून गावी गेलेला असतो. सिलिकोसिस तर धुळीतून बाहेर पडल्यावरही वाढू शकतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत तो पुरता सापडायचा नाही. इंग्लंडमध्ये व्यवसायवार मृत्यूंचा हिशेब मांडताना विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच बजावले होते की, कष्टाच्या कामात मुळात दणकट माणसे शिरतात आणि खचलेली बाहेर पडतात. त्यामुळे घातक कामही आकड्यांत निरुपद्रवी दिसते.

हीच गाळणी उलट बाजूनेही फसवते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर आरोग्य-उपक्रमाचा प्रयोग झाला. भाग घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली, तेव्हा भाग घेणाऱ्यांचा औषधोपचाराचा खर्च कमी दिसला. मात्र उपक्रम कोणाला द्यायचा हे सोडतीने ठरले होते. सोडतीतले दोन गट समोरासमोर ठेवल्यावर पहिल्या वर्षी खर्चात लक्षणीय फरक उरला नाही. ज्यांचा खर्च आधीपासूनच कमी होता, तेच उपक्रमाकडे वळले होते.

धुळीची सोडत काढता येत नाही, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. माणसाला जाणूनबुजून धूळ खायला लावू नये. पण सोडून गेलेल्यांचा माग काढायला सोडत लागत नाही. कंत्राटी आणि स्थलांतरित कामगार सापडत नाहीत, हीही अडचण खरी. तरी जुने हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयच्या नोंदी धुंडाळता येतात. एवढे करूनही जे सापडले नाहीत, त्यांची संख्या अहवालात ठळक छापता येते. पुराव्याची अट कडक केली तर मालकांना वेळ काढायला निमित्त मिळेल, ही भीती सर्वांत गंभीर आहे. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी कार्यकारणभावाचे नऊ निकष १९६५ मध्ये मांडले, तेव्हाच सांगितले की पुरावा अपुरा असणे ही कृती लांबवण्याची मुभा नव्हे. शिवाय धुळीच्या बाबतीत सोडून गेलेल्यांना न मोजण्याची चूक अपाय झाकते. ती दुरुस्त झाली तर कामगाराचीच बाजू बळकट होते.

म्हणून विनंती अशी, की आपल्या प्रत्येक पाहणीत काम सोडून गेलेल्यांचा वेगळा रकाना असावा आणि नवा उपक्रम टप्प्याटप्प्याने राबवायचा असेल तर पहिले कारखाने चिठ्ठ्या टाकून निवडावेत. तो रकाना रिकामा राहिला, तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच लावावा. ‘आजार नाही’ असा कधीही नको.

आपला,
एक वाचक