कंत्राटाच्या नावाने नवी वेठ

संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगार बंद केली. ती कोणत्या वेषाने परत येते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत एखाद्या अवकाळी वादळानंतर यावे. एका रात्रीत मोठमोठी झाडे उन्मळून रस्त्यावर आडवी पडतात, विजेचे खांब वाकतात, गोदामांचे पत्रे उडून शेतात जातात. सकाळ होताच मुकादमाची गाडी येते. ती गावातील वरच्या आळीत थांबत नाही. ती बौद्धवाड्याच्या तोंडाशी नाही तर गोंडांच्या टोल्यावर उभी राहते. रस्ता सरकारचा, खांब सरकारी कंपनीचे, सफाईचा पैसाही सरकारी तिजोरीतला. परंतु कुऱ्हाड आणि दोर घेऊन राबणारा हा मजूर कोणाचा, असे विचारले की सर्वांची वाचा बसते.

संरक्षण खात्याच्या आवारांतील डागडुजीची तऱ्हा याहून निराळी नाही. भद्रावतीचा दारूगोळा कारखाना, पुलगावचे दारूगोळा भांडार, कामठीची छावणी ही नावे आपल्या लोकांना नवी नाहीत. लष्कराच्या वास्तूंची देखभाल 1923 साली स्थापन झालेली मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते आणि ती कामे बहुतांशी कंत्राटाने करविते. निविदा एकाच्या नावावर, काम पोटकंत्राटदाराकडे, माणसे मुकादमाची. तीन हातांतून गळत गळत जे उरेल ते मजुराच्या पदरी.

आमचे काही शहाणे मित्र विचारतात, वादळ वर्षातून दोनदा येते, त्यासाठी सरकारने कायमचे नोकर बाळगावे काय? प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु काम तात्पुरते असणे निराळे आणि मजुराचा हक्क तात्पुरता असणे निराळे. शिवाय छपराची गळती, पाण्याचे नळ, विजेच्या तारा, आवाराची झाडलोट ही कामे वादळाची वाट पाहतात काय? ती बारमाही आहेत. बारमाही कामाला हंगामी माणूस लावावयाचा, यात काटकसर कोणाची होते आणि पोट कोणाचे कापले जाते, हे सांगावयास पंडित नको.

ही रीत केवळ आपल्याच देशाची आहे असेही नाही. 2005 साली अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स शहर बुडविले. पडझड उचलण्याचे काम तेथील लष्कराच्या अभियंता दलाने बड्या कंत्राटदारांना दिले. राडारोडा उचलण्यास घनयार्डामागे 23 डॉलर ठरले आणि पोटकंत्राटांच्या उतरंडीत अखेरच्या माणसाच्या हाती 3 डॉलर पडले, असा हिशेब वृत्तपत्रांनी छापला. त्याच सप्टेंबरात अध्यक्ष बुश यांनी सरकारी बांधकामांवर प्रचलित दराने मजुरी देण्याचे कायदेशीर बंधन त्या भागापुरते उठविले. ओरड झाली तेव्हा दोन महिन्यांनी ते पुन्हा घातले. ज्या शहरात गोरगरीब काळ्या लोकांची घरे बुडाली, तेथेच मजुरीचे संरक्षणही बुडविले गेले.

आपल्याकडील न्याय मात्र लिहिलेला आहे. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. किमान मजुरी रोजी 9 रुपये 25 पैसे होती आणि त्यातील एक रुपया जमादार आपली दस्तुरी म्हणून कापून घेत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले, किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबविणे म्हणजे 23 व्या कलमाने मना केलेली बेगारच होय. आणि मधे कंत्राटदार आहे एवढ्याने सरकारी यंत्रणेची जबाबदारी संपत नाही. त्या एका रुपयाचा निकाल आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवा. आज हाच रुपया निराळ्या मार्गाने जातो. पगार बँकेत जमा होतो आणि एटीएमचे कार्ड मुकादमाच्या खिशात राहते, अशी मजुरांची तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने, कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या व तो कायदा त्यांत विलीन झाला. हे दायित्व संहितेतही राहिले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु पूर्वी वीस कंत्राटी मजूर असले की केंद्राच्या आस्थापनांना कायदा लागू होई. आता पन्नास लागतात. वादळाची पडझड उचलणारी टोळी पंधरावीस जणांची. ती या तरतुदींच्या बाहेर पडली!

याहून एक गोष्ट मनाला अधिक टोचते. संहिता म्हणते, आस्थापनेच्या मुख्य कामावर कंत्राटी मजूर लावू नये. मग मुख्य नसलेली कामे कोणती? आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर झाडलोट व कचरा उचलणे, राखण, ओझी चढविणे-उतरविणे, बागकाम, इमारतींची देखभाल. ही यादी वाचून आपल्या वाडवडिलांची आठवण होत नाही काय? झाडणे, राखणे, ओझी वाहणे, मेलेली ढोरे ओढणे हीच कामे गावगाड्याने आपल्या माथी मारली होती. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, त्या वतनाची कामे ती हीच. आता जातीचे नाव गेले आणि निविदेचा क्रमांक आला.

आणि हे काम ‘मुख्य’ नाही असे कोण म्हणतो? 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावच्या भांडाराजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा माणसे मेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतून कंत्राटदाराने रोजाने आणलेले मजूर होते. पेट्या उतरविणे आणि खड्डे खणणे, एवढेच त्यांचे काम. मरणाच्या वेळी त्यांचे काम मुख्य ठरले, मजुरीच्या वेळी ते किरकोळ होते.

नवदीक्षित कुटुंबांनी आणखी एक हिशेब मांडावा. 1956 च्या ऑक्टोबरात 14 तारखेस नागपुरास व 16 तारखेस चांद्यास धम्मदीक्षा झाली. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. त्या बौद्धांना मिळावयास 1990 साल उजाडले. चौतीस वर्षे वाट पाहून दार उघडले, तोच आतील खुर्च्या उचलण्यास प्रारंभ झाला. कायम जागा रिकामी होते, ती भरली जात नाही आणि तेच काम कंत्राटात जाते. मुकादमाच्या हजेरीपटावर आरक्षणाचा रकाना नसतो. 2023 साली राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. सुशिक्षितांची पदे होती म्हणून आवाज उठला. खड्डे खणणाऱ्याच्या पदासाठी कोण उठणार?

येथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. कित्येक मुकादम आपल्याच समाजाचे आहेत. त्यांच्या ओसरीवर बाबासाहेबांची तसबीर असते, जयंतीची वर्गणी ते सर्वांत मोठी देतात, आणि शनिवारी आपल्याच भावाच्या मजुरीतून पन्नास रुपये कापतात. अशांची वर्गणी विहाराने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग करावयाचे काय? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने वाट दाखविली आहे. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून व 2011 साली वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती घेऊन त्या गोंड गावाने आपला बांबू स्वतः विकला. जंगलातला मधला माणूस तेथे उरला नाही. आपल्या वस्त्यांनी मजूर सहकारी संस्था काढाव्यात. राज्याच्या छोट्या बांधकामांपैकी काही हिस्सा अशा संस्थांसाठी राखलेला असतो. (ज्यांचे अध्यक्ष मोटारीतून हिंडतात आणि सभासदांचे हात मऊ आहेत, अशा मजूर संस्थाही पुष्कळ आहेत, त्यांची गोष्ट निराळी.)

तोवर प्रत्येक टोळीतील लिहिता-वाचता मुलगा आपली स्वतंत्र हजेरीवही ठेवो. तीत तारीख, काम, तास, मिळालेले पैसे आणि मूळ मालक खात्याचे नाव असावे. कोऱ्या कागदावर अंगठा नको. एटीएमचे कार्ड घराबाहेर नको. मजुरी बुडाल्यास मुकादमाच्या दारी खेटे न घालता अर्ज मूळ मालक खात्याच्या कार्यालयात द्यावा, एक प्रत मजूर आयुक्ताकडे पाठवावी आणि पोच घ्यावी. संरक्षणाची आस्थापना असेल तर केंद्राच्या मजूर आयुक्ताकडे, राज्याची असेल तर राज्याच्या. आणि ज्या आवारात काम चालते त्याच्या फाटकावर कंत्राटदाराचे नाव, कामाची रक्कम व मजुरीचा दर मराठीत लावावा, ही मागणी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विहाराच्या सभेत ठरावाने मंजूर करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावी.