कॉलेजचा हिशोब सरकार तपासते, आपल्या मुलांचा कोण तपासणार?

पालघर, बोईसर, तारापूर, सफाळे, वाणगाव, डहाणू, मनोर, विक्रमगड, जव्हार इथल्या पालकांनो, आणि यंदा बारावी झालेल्या मुलामुलींनो,

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या पाठीवर आणि हायवेच्या फाट्यांवर इंजिनिअरिंग कॉलेजांचे बॅनर चढतात. 'परवडणारी फी', 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'सर्वोच्च पॅकेज'. शेजारी टाय लावलेल्या चार मुलांचे फोटो असतात. त्या बॅनरवर काय छापलेले नसते, ते सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे. कॅप राऊंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, यादी भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून ते वाचावे.

मी तारापूर एमआयडीसीत बावीस वर्षे मेंटेनन्सला आहे. दरवर्षी नवी पदवीधर मुले आमच्याकडे ट्रेनी म्हणून येतात. त्यांच्या मुलाखतीला मी बसतो आणि पहिले सहा महिने ती माझ्याच हाताखाली असतात. दोन वर्षांपूर्वी सातपाटीचा एक मुलगा आला. मेकॅनिकलची पदवी, प्रथम श्रेणी, वडील बोटीवर. तिसऱ्याच दिवशी एका टाकीचा पंप प्रेशर धरेना. मी विचारले, "आधी काय बघशील?" त्याने बर्नोलीचे समीकरण बिनचूक सांगितले. पण उघडलेला पंप त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या आयटीआयच्या फिटरने सक्शनचा स्ट्रेनर काढला, गाळ झटकला, परत बसवला आणि पंप चालू झाला.

तो मुलगा हुशार होता. वर्षभरात तो सील बदलायला शिकला, अलाइनमेंट करायला शिकला. जे त्याला चार वर्षांत शिकवायला हवे होते, ते आम्ही एका वर्षात शिकवले. पण ते वर्ष तो ठेकेदाराच्या रोलवर होता, हातात चौदा हजार घेत होता, आणि स्ट्रेनर काढणारा फिटर कायम होता, त्याचा पगार याच्या दुपटीच्या जवळ होता. वडिलांनी चार वर्षांत जे पैसे घातले, त्यात बोटीचे इंजिन नवे आले असते. मी हे त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. त्याने मात्र एकदा जेवणाच्या सुट्टीत मला विचारले, "सर, मी डिप्लोमा केला असता तर?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. हे पत्रक त्या प्रश्नातून निघाले आहे.

आता पैशाचे बघू. आपल्या भागातल्या खासगी कॉलेजची फी मुंबईतल्या नामांकित खासगी कॉलेजपेक्षा कमी असते, हे खरे. 'परवडणारी' हा शब्द तिथूनच येतो. पण फी म्हणजे खर्च नव्हे. समजा फी वर्षाला १,००,००० रुपये आहे. त्यावर डहाणू लोकलचा पास, स्टेशनापासून कॉलेजपर्यंतची बस किंवा रिक्षा, परीक्षा फी, पुस्तके, लॅपटॉप, प्रोजेक्ट आणि दुपारचे खाणे धरून वर्षाला ४०,००० धरा. चार वर्षांचे ५,६०,००० झाले. हे मूल चारच वर्षांत सुटले तर. मुंबई विद्यापीठाच्या केटीत, म्हणजे राहिलेल्या विषयांत, अडकून एक वर्ष गेले तर खर्च वाढतो आणि त्या वर्षाची कमाईही जाते.

पैसे कर्जाने उभे केले तर काय होते? दरवर्षी एक लाख, व्याज ११ टक्के, शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही. 'आत्ता काही भरायचे नाही' हे ऐकायला गोड लागते. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. सरळ व्याजाने धरले तरी हप्ता सुरू होईल त्या दिवशी चार लाखांचे ५,५४,००० झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ९,५०० रुपये. सातपाटीच्या त्या मुलाच्या चौदा हजारांतून हे वजा करा. उरलेल्या साडेचार हजारांत तो आईला काय देणार आणि स्वतः काय खाणार?

हेच मूल महिना पंचवीस हजारांच्या नोकरीला लागले तर तोच हप्ता पेलवतो. कॉलेज तेच, फी तीच, कर्ज तेच. एका घरात सौदा फायद्याचा ठरतो, दुसरे घर बुडते. फरक फक्त शेवटी काय मिळाले याचा आहे. आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही.

आपल्या राज्यात विनाअनुदानित कॉलेजांचे दार १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना उघडले. त्यामुळे लहान गावांतल्या हजारो मुलांना इंजिनिअर होता आले, हे मी मान्य करतो. त्यांत माझे मित्र आहेत. फीवर लगाम राहावा म्हणून १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा झाला, आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. हे प्राधिकरण प्रत्येक कॉलेजचा खर्च तपासते, शिक्षकांचे पगार, इमारत, वीज, प्रयोगशाळा बघते आणि फी मंजूर करते. मंजूर आकडा जाहीर असतो. त्याच्यावर एक रुपया मागितला तर तक्रार करता येते, आणि ती करावी.

पण ही फी ठरते कॉलेजच्या ताळेबंदावर. पहिल्या वर्षाला किती मुले आली, त्यांतली किती वेळेत पास झाली, किती कामाला लागली आणि किती पगारावर, यावर ती ठरत नाही. गिऱ्हाईकाला वस्तूची किंमत सरकारच्या शिक्क्यासह मिळते, वस्तू टिकते का हे विचारायची मात्र सोय नाही. भाजीवाल्याकडे आपण वांगे दाबून बघतो. इथे सहा लाखांची वस्तू घेताना आपण बॅनरवरचा फोटो बघतो.

प्लेसमेंटच्या आकड्यांची हातचलाखी कशी चालते, तेही उघड करतो. पहिली युक्ती छेदाची. शंभर टक्के म्हणजे कोणाच्या शंभर टक्के? 'पात्र' मुलांच्या. दहावी, बारावी आणि सगळ्या सेमिस्टरना साठ टक्क्यांच्या वर, एकही केटी नाही, आणि ज्याने स्वतःहून नाव नोंदवले असा. साठांच्या वर्गात असे वीस निघाले आणि वीसही लागले, की बॅनरवर शंभर टक्के. उरलेले चाळीस कोणत्याच बॅनरवर नाहीत. दुसरी युक्ती ऑफर मोजण्याची: एका मुलीला तीन कंपन्यांची पत्रे आली की तीन प्लेसमेंट. तिसरी 'सर्वोच्च पॅकेज'. एका मुलाच्या पगाराने बाकी एकोणसाठ जणांचे पोट भरत नाही. सरासरीही फसवी असते, कारण एक मोठा आकडा सगळ्यांना वर ओढतो. विचारायचा तो मध्यक. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभे करा, बरोबर मधल्या मुलाला किती मिळतात ते विचारा. निम्म्या मुलांना त्याच्याइतके किंवा त्याहून कमीच मिळतात, आणि आपले मूल त्यांतले असू शकते.

आणि ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. मोठ्या आयटी कंपन्यांचा नवख्यांचा वार्षिक पगार कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच राहिला आहे. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या अनेकांना दोन-दोन वर्षे रुजू करून घेतले नाही, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मैसूरच्या केंद्रातून शेकडो प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवले. कॉलेजच्या यादीत ही मुले 'प्लेस्ड' म्हणूनच राहतात.

शाखेचेही बोलले पाहिजे. आपल्या उंबऱ्याशी राज्यातली एक मोठी औद्योगिक वसाहत आहे. केमिकल, औषधे, स्टील, कापड. पलीकडे १९६९ पासून चालू असलेले अणुऊर्जा केंद्र, त्यात २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटची दोन युनिटे जोडली गेली. इथे माणूस लागतो तो बॉयलर, पंप, मोटर, इन्स्ट्रुमेंट, सांडपाणी, सेफ्टी जाणणारा. आणि कॉलेजांत सगळीकडे जागा वाढतात त्या कॉम्प्युटर आणि एआयच्या. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगल्या ठरवलेल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाही काढली. कॉम्प्युटर वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या मुलीला त्यात खरी गोडी आहे तिने जरूर घ्यावे. पण दोन बस स्टॉपांवरच्या कारखान्यात काय लागते हे कोणीच विचारत नाही, याचे मला दुःख आहे. आता वाढवण बंदराचे आणि बोईसरच्या बुलेट ट्रेन स्टेशनचे नाव घेऊन कॉलेजांच्या जागा विकल्या जातील. बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. ज्या बंदरामुळे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आपल्या मासेमारीची चिंता लागली आहे, त्याच बंदरातल्या नोकरीचे स्वप्न त्यांच्याच मुलांना फी घेऊन विकणे मला पटत नाही. 'नोकऱ्या येणार' असे जो सांगेल त्याला विचारा: कोणत्या पदाच्या, कधी, आणि त्यासाठी हीच पदवी लागते का?

काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि माहिती नसल्यामुळे वाया जातात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी मिळते. प्रत्येक शाखेत पाच टक्के जागा ट्यूशन फी माफीच्या असतात. आपल्या जिल्ह्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक आदिवासी आहेत. त्यांच्या मुलांसाठी आदिवासी विभागाची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे आहेत. पण फीमाफी आणि शिष्यवृत्ती कॅप राऊंडमधून प्रवेश घेतला तरच. 'राऊंडची वाट बघू नका, मॅनेजमेंटमधून आजच सीट घ्या' असे जो घाई करतो, तो आपल्या हातातली फीमाफी काढून घेत असतो. कर्जाच्या व्याजात केंद्राची सवलत हवी असेल तर कॉलेजला नॅकचे किंवा शाखेला एनबीएचे मानांकन आहे का हेही आधी बघा. आणि मूळ कागदपत्रे कॉलेजात ठेवून घेऊ देऊ नका. ती अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.

दहावीतल्या मुलांच्या पालकांना एक वेगळी विनंती. दहावीनंतर अकरावी-बारावी दोन वर्षे आणि पदवी चार वर्षे, म्हणजे सहा. डिप्लोमा तीन वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, म्हणजेही सहाच. वेळ तेवढाच लागतो. फरक इतकाच की तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक कागद असतो ज्यावर काम मिळते, आणि घराची परिस्थिती बिघडली तर तिथे थांबताही येते. आपल्या जिल्ह्यात विक्रमगडला सरकारी तंत्रनिकेतन आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीचे सरकारी कॉलेज मात्र २०१४ साली जिल्हा झाला तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. ही लाज आपल्या मुलांची नाही, मते मागायला येणाऱ्यांची आहे. पदवी झालेल्यांनीही घरी बसून न राहता १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली वर्षभराची अप्रेंटिसशिप शोधावी. स्टायपेंड थोडा असतो, पण पंप उघडायला मिळतो.

कॉलेजवाले म्हणतील, सरकारकडून शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, पगार कसे करायचे? खरे आहे. त्यांच्याकडे मनापासून शिकवणारे, महिनोन्‌महिने पगार थकलेले शिक्षक मी ओळखतो. सरकारने ते पैसे वेळेत द्यावेत, या मागणीत आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. पण म्हणून निकाल लपवायचा हक्क मिळत नाही. माहिती गोळा करणे अवघड आहे, ही सबबही चालणार नाही. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या अर्जात पहिल्या वर्षाला आलेली मुले, ठरलेल्या वेळेत पास झालेली, नोकरीला लागलेली, त्यांचा मध्यक पगार आणि पुढे शिकायला गेलेली, हे सगळे भरावेच लागते. देशभरातली कॉलेजे ते भरतात. आमची मागणी एवढीच आहे: हा तक्ता शाखेप्रमाणे, फीच्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात छापा. शुल्क नियामक प्राधिकरणाने आणि तंत्रशिक्षण संचालनालयाने त्याशिवाय फी मंजूर करू नये. आपल्या आमदारांनी हे विधानसभेत विचारावे.

ते होईपर्यंत हे पत्रक घेऊन कॉलेजात जा. पहिला हप्ता भरायच्या खिडकीपाशी खालचा मजकूर पुढे करा आणि रिकाम्या जागा भरून मागा. चार जण मिळून गेलात तर बरे.

"आमच्या कॉलेजात ________ शाखेत चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला ______ मुले आली. त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला ______ आली. त्यांतली ______ ठरलेल्या वेळेत पास झाली. पास झालेल्यांपैकी ______ आज प्रत्यक्ष कामावर आहेत, त्यांतली ______ इंजिनिअरिंगच्या कामावर. मधल्या मुलाच्या हातात महिना ______ रुपये येतात. या शाखेला आज ______ पूर्णवेळ शिक्षक आहेत.

प्राचार्यांची सही, कॉलेजचा शिक्का, तारीख."