दोन टक्के म्हणजे नेमके किती? बचत गटाचा हिशोब एकीच्याच हातात नको

पेरणी तोंडावर आली की गावोगाव बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं एकदम येतं. कर्ज मिळतंही. पण व्याज किती भरायचं असं विचारलं की सगळ्यांची नजर एकाच ताईकडे जाते. रजिस्टर तिच्याकडे, कॅल्क्युलेटर तिच्याकडे. बाकीच्या नऊ जणी सही करून मोकळ्या.

राज्यात 'उमेद' अभियान २०११ पासून सुरू आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन ही गटाची पंचसूत्री. पहिली चार सूत्रं बाया तोंडपाठ सांगतात. घोडं अडतं ते पाचव्यावर. बँक कर्ज देताना याच सूत्रांवर गट तपासते. वह्या अर्धवट असल्या की प्रकरण रखडतं.

१३२० रुपयांचा फरक

समजा एकीने गटातून १२ हजार घेतले. व्याज महिना दोन टक्के, मुदत १२ महिने, दरमहा मुद्दल १ हजार.

मूळ रकमेवरच व्याज धरलं तर दर महिन्याला २४० रुपये, म्हणजे वर्षाचे २८८०. पण उरलेल्या मुद्दलावर धरलं तर पहिल्या महिन्यात २४०, दुसऱ्यात २२०, असं कमी होत शेवटी २० रुपये. एकूण १५६०. दर तोच दोन टक्के, फरक १३२० रुपयांचा.

गटातलं व्याज शेवटी गटाकडेच राहतं, हे खरं. पण कोणती पद्धत लावायची, हे सगळ्यांनी ठरवायला पाहिजे. त्यासाठी दोन्ही पद्धती कळायला हव्यात.

दुसरी गफलत याहून महागाची. गटाचे 'दोन टक्के' महिन्याचे असतात, बँकेचे 'बारा टक्के' वर्षाचे. ऐकायला दोन स्वस्त वाटतात. प्रत्यक्षात महिना दोन म्हणजे वर्षाला २४. मायक्रोफायनान्सचा माणूस दारात आला की हाच हिशोब कामी येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जदाराला समजेल अशा भाषेत व्याज आणि शुल्काची माहिती देणारा कागद द्यावाच लागतो. पण तो वाचता आला तर उपयोग.

शिकवायचं कोणी?

सीआरपी ताईंकडे बरेच गट आणि वर कागदपत्रांचा बोजा. एका दिवसाच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेलं घरी जाईपर्यंत विसरतं. कारण ते आकडे दुसऱ्या कुणाचे असतात. स्वतःच्या पासबुकातला आकडा घेऊन बसवलं, तर शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या बाईलाही टक्केवारी जमते. शंभराला दोन, हजाराला वीस, बारा हजाराला दोनशे चाळीस, एवढ्यापासून सुरुवात पुरते.

बारावी कॉमर्स झालेल्या मुली, सुना आज बहुतेक गावात आहेत. बैठकीतला अर्धा तास त्यांना द्यावा. मोबाईलवर गुगल शीटमध्ये नाव, बचत, कर्ज, शिल्लक असे रकाने करता येतात. शिल्लक मुद्दलाला दोनने गुणून शंभराने भागायचं सूत्र एकदा घातलं की तेच खाली ओढायचं. शीट सगळ्यांना फक्त बघण्यापुरती पाठवली की घरबसल्या पडताळा होतो.

मात्र शीट जादू करत नाही. आकडा चुकीचा भरला तर उत्तरही चुकीचंच येणार. सहीचं रजिस्टर राहायलाच हवं. आणि शिकवणारीला फुकट राबवू नये. मानधनाचा ठराव ग्रामसंघाने घ्यावा, नाहीतर चार महिन्यांत काम थांबतं.

हिशोब शिकणं म्हणजे लिहिणाऱ्या ताईवर संशय घेणं नव्हे. उलट तिच्यावरचा भार आणि उद्याचा आळ, दोन्ही टळतात. ती आजारी पडली किंवा गाव सोडून गेली, तर गट बंद पडायला नको. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकच करावं. आपलं कर्ज किती उरलं, ते आधी स्वतः मांडावं आणि मग रजिस्टर उघडावं.