पवईचा आंबा आणि मळ्यातले हात

पवईचा इतिहास विचारला की आपल्यापुढे एक आंबा ठेवला जातो. फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) यांनी १८३८ साली आपल्या पवईच्या बागेतले आंबे व्हिक्टोरिया राणीला पाठवले, ही ती कथा. स्थानिक इतिहासाच्या लेखांत ती कौतुकाने सांगितली जाते आणि इतिहास तिथेच संपतो. आमचा आक्षेप या संपण्याला आहे.

साष्टी बेट कंपनीने १७७४ साली मराठ्यांकडून घेतले. १७९९ साली तिने पवईची जहागीर डॉ. स्कॉट या आपल्याच वैद्याला दिली. १८३०च्या सुमारास ती फ्रामजींकडे आली. ऊस, कापूस, नीळ, तुती अशी लागवड तिथे झाली आणि गव्हर्नर माल्कमनेही तिची वाखाणणी केली. फ्रामजींची उद्यमशीलता आम्ही नाकारत नाही. पण या लागवडीमागचे भांडवल सागरी व्यापारातून आले होते, आणि याच घराण्यातले रुस्तमजी कावसजी कलकत्त्याहून अफूचा व्यापार करीत होते, हे सांगताना आपली लेखणी का अडखळते? आणि त्या विहिरी खणल्या कोणी? ऊस तोडला कोणी? माल्कमच्या प्रशस्तीत मालक दिसतो, मजूर दिसत नाही. आपले लेखक ती प्रशस्ती जशीच्या तशी उतरवून घेतात.

अमेरिकेच्या दक्षिणेतही मळेवाल्यांच्या हवेल्यांचे असेच गोडवे गायले जात. पुढे २०१४ साली लुइझियानातील व्हिटनी मळ्यावर गुलामांच्या आयुष्याला वाहिलेले संग्रहालय उघडले. पवईत गुलामगिरी होती असे कोणी म्हणत नाही; मात्र मळ्याचा इतिहास मालकाच्या दिवाणखान्यातून लिहायचा की बांधावरून, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

हा निव्वळ जुन्या कागदांचा वाद नव्हे. १९८६ साली याच पवईतील जमीन नाममात्र भाड्याने विकासाला देताना लहान घरांची अट घातली गेली. ती पाळली गेली नाही म्हणून २०१२ साली उच्च न्यायालयाला आधी परवडणारी घरे बांधा, असे बजावावे लागले. जमीन कोणाला, कोणत्या शर्तीवर आणि कोणासाठी दिली, हे विचारण्याची सवयच आपल्या इतिहासलेखनाने लावलेली नाही. त्यामुळे संस्थापकाचे नाव टिकते आणि शर्त विस्मरणात जाते.

पार्ल्यातल्या आम्हा मराठीच्या शिक्षकांना पवई काही दूर नाही. विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचा प्रकल्प देताना आंब्याची कथा जरूर सांगावी. परंतु पुढचा प्रश्न झाडाला पाणी घालणाऱ्याचा असावा. त्याचे नाव सापडणार नाही कदाचित. ते का सापडत नाही, हेच त्या प्रकल्पाचे पहिले प्रकरण ठरेल.