दहा नंबरचा पाना

"ताई, मालकाले पाठवा. तुम्हाले नाही समजनार."

वरवट बकालच्या बाजारात एका दुकानदाराने मला दिलेले हे उत्तर. मी एवढेच विचारले होते की, जीपचा नवा स्टिरिओ मी स्वतः बसवते आहे, तर गाडीतली कोणती तार कशाची हे ओळखायचे कसे? जीप संस्थेची, संस्था बायकांची, चालवते मी. मालक कुठून पाठवायचा?

स्टिरिओ ही आमची चैन नव्हे. सोनाळा, टुनकीकडे बैठकीला गेलो की जीपची दारे उघडी टाकून बायकांनी स्वतः म्हटलेली गाणी लावतो. पत्रक वाचून कोणी येत नाही, गाणे ऐकून बाया येतात.

शेवटी मी आणि बचत गटातल्या दोघी अशा तिघींनी मिळून काम केले. दहा नंबरच्या पान्याने आधी बॅटरीची उणे बाजू सोडवली. चौकटीचे स्क्रू काढून जुना सेट बाहेर ओढला. नव्या सेटच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या जोड्या. त्यांतली काळ्या पट्टीची ती उणे. गाडीकडच्या तारांचे रंग मात्र वेगळे, त्यामुळे त्या टेस्ट लॅम्पने शोधाव्या लागतात. तेवढ्यापुरती बॅटरी जोडायची. किल्ली बंद असतानाही दिवा लागतो ती तार पिवळीला, किल्ली फिरवल्यावरच लागतो ती लालला. यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद केली की सेट सगळे विसरतो. स्पीकरच्या तारांना घड्याळातला सेल क्षणभर टेकवला की आतून 'टक्' असा आवाज येतो, म्हणजे कोणती जोडी कोणत्या स्पीकरची ते कळते. मग बॅटरी पुन्हा सोडवून सगळे जोड टेपने गुंडाळले. एक दुपार गेली. यात पुरुषाचा कोणता अवयव लागतो ते मला अजून सापडलेले नाही.

नाके मुरडली ती आमच्याच कार्यकर्त्या मैत्रिणींनी. मारहाण, मजुरी, जमिनीवरचे नाव, एवढे प्रश्न पडलेले असताना ही कसली शहरी हौस? शिवाय गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय!

मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यातली एक रात्र सांगते. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेल्या एका बाईला घेऊन आम्ही शेगावकडे निघालो होतो. वाटेत जीप बंद पडली, दिवेही लागेनात. चार बायका, त्यातल्या एकीचे डोके फुटलेले. दोन तास अंधारात बसलो. गाडीचा उजेड दिसला की मदत आली म्हणून आनंद व्हावा, तर हा तिच्या सासरचाच कोणी असला तर, म्हणून जीव मुठीत. अखेर एका ट्रकवाल्या दादाने बॅटरीचा सैल टर्मिनल पान्याने आवळला आणि गाडी सुरू झाली. मिनिटभराचे काम. पाना आमच्या सीटखालीच पडलेला होता. मारहाणीचा प्रश्न आणि पान्याचा प्रश्न वेगळे आहेत असे कुणाला अजूनही वाटते का? मेकॅनिकचे म्हणाल तर मोठे काम त्याच्याकडेच नेऊ. पण तो सांगेल ते मुकाट ऐकायचे, एवढे अडाणी राहून नव्हे.

हे अडाणीपण निसर्गाने दिलेले नाही, ते लिहून ठेवलेले आहे. आपला कापसाचा मुलूख, म्हणून कापसाचेच उदाहरण घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २७ व्या कलमात असे होते की, कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात 'कॉटन ओपनर' चालू असेल तिथे स्त्रिया आणि मुले यांना कामावर ठेवायचे नाही. मात्र मध्ये आडभिंत असेल तर यंत्रात कापूस टाकायच्या बाजूला ठेवता येईल! २२ व्या कलमात चालू यंत्राला वंगण घालणे, ते जुळवणे यांवर इजेच्या धोक्यापोटी मनाई होती, तीही बाई आणि अल्पवयीन यांना एकाच दावणीला बांधून. धोका खराच; पण मग तो पुरुषाला नसतो? यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईला बाजूला करणे सोपे पडले. वेचायला बाई, वाहायला बाई, यंत्राच्या तोंडात कापूस घालायलाही बाई, फक्त पाना तिच्या हातात नको.

आणि आपण तरी काय वेगळे केले? आपल्या प्रशिक्षणांची यादी काढून पाहा. शिवण, पापड, लोणची, मेंदी. शिलाई मशीनचे वाटप वाजतगाजत करतो. ते बिघडले की बाई ते उचलून बाजारात पुरुषाकडे नेते, आणि आपण त्याला स्वावलंबन म्हणतो. मी एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षे सक्षमीकरणावर निबंध लिहिले. फ्यूज कसा बदलतात ते कुणी शिकवले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

पुढच्या शिबिरातले एक सत्र आम्ही जीपच्या उघड्या बॉनेटभोवती घेणार आहोत. खर्च टेस्ट लॅम्पचा आणि टेपच्या दोन गुंडाळ्यांचा. डावीकडचा मागचा स्पीकर सध्या अधूनमधून गप्प होतो, हिरव्या तारेचा जोड सैल राहिला आहे. तो मी त्या दिवसासाठी तसाच ठेवला आहे.