दुर्मीळ माल, पण मालकी कोणाची?



या पानावर आपण सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी आणि उधारीची वसुली याबद्दल वाचतो. आज मी मोबाइलवरच्या एका खेळाविषयी लिहिणार आहे. पान उलटू नका. या खेळापायी आमच्या घरातल्या एका कारखान्याच्या कामगारांचा पंधरवड्याचा पगार अडकला होता. म्हणून हा विषय धंद्याच्या पानावरचाच आहे.

माझा भाचा १७ वर्षांचा आहे, कॉमर्सला शिकतो. त्याच्या वडिलांचे भिवंडीत काही लूम आहेत, मजुरीवर ग्रे कापड विणतात. मुलगा पोकेमॉन गो नावाचा खेळ खेळतो. या खेळात रस्त्याने चालता चालता मोबाइलच्या पडद्यावर निरनिराळे जीव दिसतात, ते पकडायचे आणि जमवायचे असतात. नेहमीचे जीव कोणालाही मिळतात. नायाब जीव मात्र महिनोन्‌महिने फिरूनही मिळत नाहीत. परगावच्या एका माणसाने त्याला मोबाइलवरून सांगितले की माझे पूर्ण खाते घे, त्यात सगळे दुर्मीळ जीव जमवलेले आहेत, किंमत १४,००० रुपये. मुलाने वडिलांच्या फोनवरून पैसे पाठवून दिले. खाते हातात आले. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने पासवर्ड बदलून खाते परत आपल्या ताब्यात घेतले आणि फोन बंद केला.

ते १४,००० कामगारांच्या पगाराचे होते. पगाराच्या दिवशी मेव्हण्याने माझ्या पेढीवरून रक्कम उसनी नेली. घरी गेल्यावर त्याने मुलाचा फोन फोडायला घेतला. कॉलेज बंद करून लूमवर उभा करतो म्हणाला. आपाने मला बोलावून घेतले. मुलगा कोपऱ्यात बसला होता. मला म्हणाला, "मामू, मी चोरी नाही केली. मी सौदा केला." त्याचे हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. खरोखरच त्याने सौदा केला होता, पण वाईट सौदा केला होता. वाईट सौदा करणारी आपण मोठी माणसेही कमी नाही. म्हणून मी या खेळाची पूर्ण माहिती काढली.

खेळ आला कोठून

पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निघाला. तो बनवणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा शौक होता. त्यावरूनच ही कल्पना सुचली. खेळ निंटेंडो कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर चाले. लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी बाजारात आणल्या. एकूण जीव १५१, पण काही जीव फक्त लाल आवृत्तीत आणि काही फक्त हिरवीत ठेवले. म्हणजे एकट्याने कितीही खेळले तरी संग्रह पुरा होणार नाही. दुसऱ्याकडे जायचे, दोन यंत्रे वायरने जोडायची आणि जीवांची अदलाबदल करायची. काही जीव तर असे होते की ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावरच त्यांचे रूप बदलून ते ताकदवान होत. आपल्याकडे ठेवून घेतले तर जसेच्या तसे राहत.

गोदामात ताके रचून भावाची वाट पाहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी हे ध्यानात घ्यावे. जपानी खेळवाल्याने मुलांना शिकवले की माल फिरला तरच वाढतो.

१५१ वा जीव म्यू नावाचा. तो खेळाच्या कारागिरांपैकी एकाने शेवटच्या घटकेला आत टाकला, सरळ मार्गाने तो कोणालाच मिळत नसे. बोभाटा झाल्यावर १९९६ मध्येच एका मासिकातून सोडत जाहीर केली आणि फक्त २० जणांना तो दिला. अर्ज मात्र हजारोंनी आले. एका न मिळणाऱ्या जीवाने खेळाची विक्री वाढवली.

मोबाइलवरचा पोकेमॉन गो जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये आला. निआंटिक या अमेरिकन कंपनीने तो तयार केला. भारतात तो रीतसर डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साथीने आला, तेव्हा रिलायन्स डिजिटलची दुकाने त्या खेळातले थांबे झाली. खेळणारा थांब्यापर्यंत चालत येणार, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप दुकानाच्या दारात. जपानमध्ये मॅकडोनाल्डच्या दुकानांनी हेच केले होते. २००१ साली सौदी अरेबियात धार्मिक फतवा निघून पोकेमॉनवर बंदी आली होती, जुगाराशी साम्य हे त्यातले एक कारण होते. २०२५ साली निआंटिकचा खेळांचा धंदा ३.५ अब्ज डॉलरला स्कोपली कंपनीने घेतला, आणि स्कोपलीची मालक कंपनी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीची आहे. चोवीस वर्षांत बाजार कसा फिरतो पाहा.

दुर्मीळपणा कोण ठरवतो

आता मुद्द्यावर येतो. जीव दुर्मीळ का असतो? यंत्रावरच्या जुन्या खेळात वेगळ्या रंगाचा, ज्याला मुले 'शायनी' म्हणतात, तो जीव १९९९ पासून ८,१९२ मध्ये एकदा दिसे. २०१३ साली कंपनीने हे प्रमाण ४,०९६ मध्ये एक असे केले. एका आकड्यात बदल केला आणि माल दुप्पट मिळू लागला. पोकेमॉन गोमध्ये प्रत्येक जीवाला तीन गुण असतात, प्रत्येक गुण ० ते १५. तिन्ही १५ असलेला जीव अस्सल मानतात. १६ गुणिले १६ गुणिले १६ केले की ४,०९६ होतात. रानात सहज भेटलेला जीव अस्सल निघण्याची शक्यता इतक्यांत एक. भाच्याने हा हिशेब कागदाशिवाय केला. त्याच्या बापाला पिकाचा हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागतो.

काही जीव मुलखानुसार वाटलेले आहेत. टॉरस उत्तर अमेरिकेत, कंगास्खान ऑस्ट्रेलियात, मिस्टर माइम युरोपात. पाठीवर कोळसा जळणारे टॉर्कोल नावाचे कासव आपल्याकडे आणि आग्नेय आशियात मिळते. येथे त्याची कोणाला फारशी किंमत नाही, युरोपातल्या खेळणाऱ्याला मात्र ते हवे असते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एका पेठेत पडून राहिलेली क्वालिटी दुसऱ्या पेठेत हातोहात जाते.

पण एक फरक लक्षात ठेवा. पैठणी दुर्मीळ आहे, कारण तिच्या एका पदरावर विणकराचे अनेक दिवस जातात. तो दुर्मीळपणा हुनरातून येतो, कोणी एका रात्रीत कमी करू शकत नाही. खेळातला दुर्मीळपणा कंपनीच्या मर्जीवर आहे. आज जो जीव मिळत नाही तो उद्या एखाद्या सणाला कंपनी गल्लोगल्ली सोडते, आणि ज्याने त्यासाठी पैसे मोजले तो पाहत राहतो. ज्या मालाचा पुरवठा एकाच धन्याच्या हाती आहे त्यात साठेबाजी करू नये.

सौद्यात चूक कोठे झाली

पोकेमॉन गोमध्ये अदलाबदलीची सोय जून २०१८ मध्ये आली. तिचे नियम वाचून मला नवल वाटले. सर्वसाधारण नियम असा की दोघे एकमेकांपासून १०० मीटरच्या आत हवेत, म्हणजे समोरासमोर. अत्यंत नायाब जीवांची अदलाबदल दिवसाला एकच. त्यासाठी खेळातले 'स्टारडस्ट' नावाचे चलन खर्च होते. ओळख नवी असेल तर आपल्याकडे नसलेल्या नायाब जीवासाठी १० लाख लागतात. तीच दोस्ती ९० दिवसांची झाली की ४० हजारांत काम होते. कापडाच्या धंद्यात ९० दिवस हा आकडा आपल्याला नवा नाही. अनोळखी पार्टीशी सौदा महाग, साख असलेल्या पार्टीशी स्वस्त. ज्याने हा नियम केला त्याला बाजार कळतो.

माझ्या भाच्याने हे सर्व नियम पाळून कित्येक जीव मिळवले होते. जेथे नियम सोडला तेथेच तो बुडाला. समोर माणूस नव्हता, ओळख नव्हती, मध्ये दलाल नव्हता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विकणाऱ्याची मालकीच नव्हती. या खेळाच्या करारात स्पष्ट आहे की खाते आणि त्यातले जीव कंपनीचे, खेळणाऱ्याला फक्त वापरण्याची परवानगी. खाते विकायला मनाई आहे आणि पकडले गेले तर कंपनी खातेच बंद करू शकते. म्हणजे त्या माणसाने फसवले नसते तरी माल भाच्याचा झाला नसता. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली, ती नोंदवायलाच हवी. पण पैसे परत आलेले नाहीत.

आपल्या वडीलधाऱ्यांनी व्यापाराचा पहिला धडा हाच दिला आहे की पाण्यातली मासळी आणि हवेतला पक्षी विकू नये, घेऊ नये. जे विकणाऱ्याच्या ताब्यात नाही त्याचा सौदा धोक्याचा. मदरशात हे मसले आपण पाठ केले, पण मुलाला मोबाइल देताना सांगितले का? मी तरी सांगितले नव्हते. हवेतला पक्षी आता पडद्यात आला आहे, एवढेच.

आणि मुलाला तरी कोणत्या तोंडाने बोलावे? भिवंडीच्या बाजारात आपण कोणाचा ठावठिकाणा न पाहता, केवळ फोनवरच्या बोलण्यावर ग्रेचे ट्रक रवाना केलेले आहेत. पार्टी गाळा बंद करून गेली की मग मार्केटमध्ये चर्चा करीत बसतो. मुलाचे १४,००० गेले. आपले किती गेले ते ज्याच्या त्याच्या वहीत आहे.

काय करावे

काही भाई म्हणतील की सरळ बंदी घाला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते योग्यच झाले. पण पोकेमॉन गोमध्ये रोख बक्षीस लागत नाही. त्यात चालावे लागते, अंडे उबवायला २, ५ किंवा १० किलोमीटर. तरी सावध राहण्याची जागा आहेच. अंड्यातून काय निघेल ते आधी कळत नाही, आणि लवकर निघावे म्हणून जादा उबवणी यंत्रे पैशाने विकली जातात. नशीब विकत घेण्याची सवय येथूनच लागते. फुकटात खेळायचे असेल तर दिवसाला ५० नाणी खेळूनच मिळवता येतात. मुलाने तेवढ्यात भागवावे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, धंद्याचे खाते आणि घरातला फोन वेगळा ठेवा. पगाराची रक्कम ज्या खात्यात आहे त्याचा पिन मुलांना माहीत असता कामा नये. दुसरी, घरातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तीन प्रश्न शिकवा : माल कोणाचा आहे, विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का, बिघडले तर मी कोणाच्या दारात जाऊ? तिन्हींचे उत्तर मिळाले नाही तर पैसे काढू नयेत. तिसरी, मुलाच्या खेळातले डोके ओळखा.

ही तिसरी मी स्वतः करून पाहिली. मेव्हण्याची समजूत काढून मुलाला सुट्टीच्या दिवशी माझ्या पेढीवर बसवले. वही त्याच्यापुढे टाकली आणि म्हटले, "तुझ्या त्या जीवांसारखी या क्वालिट्यांची यादी कर. कोणती सगळ्यांकडे आहे, कोणती थोड्यांकडे, कोणती कोणत्या पेठेत चालते." दोन आठवड्यांत त्याने नमुन्यांचे तुकडे लावून यादी तयार केली. त्यात दिसले की आमचे बहुतेक लूम जी क्वालिटी विणतात तीच शेजारचे सगळे विणतात, म्हणून मजुरीचा दर वाढत नाही. डॉबीवरची एक जुनी डिझाइन, जी आम्ही कटकट म्हणून सोडली होती, तिला विचारणा करणारी पार्टी मात्र अजून आहे. मेव्हण्याने सध्या चार लूम त्यावर घातले आहेत. फायदा होईल की नाही ते सांगणे घाईचे ठरेल. पण बाप आणि मुलगा त्या निमित्ताने एका वहीवर बसू लागले.

पगारासाठी दिलेले पैसे मी मेव्हण्याकडून मागितले नाहीत. ते मुलाच्या नावे वहीत लिहिले आहेत. पेढीवरच्या त्याच्या कामातून दरमहा १,००० रुपये वळते होतात. त्याने स्वतःच्या हाताने तीन नोंदी केल्या आहेत, अकरा बाकी आहेत. खेळ अजून चालू आहे. परवा संध्याकाळी दुकान बंद करताना तो म्हणाला, "मामू, जरा तलावापर्यंत चाला ना, अंडे उबायला एक किलोमीटर कमी आहे." डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलेले आहे. मी निघालो.